पत्र्याआडची अर्धी विहीर

ऐक ना. फोन ठेव तो बाजूला आणि नुसतं ऐक. मध्ये एक अक्षर बोलू नकोस, सगळं सांगून झालं की मग काय बोलायचं ते बोल.

तर नम्रता चिखलात उकिडवी बसून पान्यानं पत्र्याचा नट फिरवत होती. अंगात ऑफिसचा आकाशी कुर्ता, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, आणि ते सारखं पत्र्यावर आपटून टणटण वाजत होतं. शेवटी तिनं ते उचलून पाठीवर टाकलं. विहिरीच्या डाव्या अंगाचा पत्रा तिनं आधीच उतरवून बाजूला टेकवला होता. हा उजवा. तिच्या डोक्याशी मथुराबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, हिरवं लुगडं, हातात ताट. ताटात दहीभात, लिंबं, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू आणि एक नारळ.

"जोर लाव की गं. सकाळी जेवली न्हाईस व्हय?"

"पोहे खाल्लेत आजी."

"पव्ह्यानं कुठं नट निघतोय."

नट निघाला. पत्रा तिच्या अंगावर कलला, तिनं तो खांद्यानं पेलला आणि सरकवत सरकवत कडेला नेऊन उभा केला. मथुराबाईंनी तिला हाक मारून जवळ घेतलं, चिमटीत हळद आणि कुंकू घेऊन तिच्या कपाळाला लावलं. केवढं लावलं म्हणशील, तर लग्नात लावतात तेवढं. मग त्याच बोटांनी पत्र्याच्या कडेला पण लावलं.

"त्याला कशाला आजी?"

"आडवा आलाय न्हवं. त्याला बी जरा गोड बोलावं."

आता तू म्हणशील, विहिरीपाशी पत्रा कशाला. तेच सांगते.

वाघोलीच्या पुढे, हायवेवरून आत वळलं की हे रान. रान कसलं, आता साइट. पावणेदोन एकर, मथुराबाईंचं आणि त्यांच्या मालकांचं, म्हणजे संपतरावांचं. मधोमध विहीर. जुनी, काळ्या दगडाची, आणि विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड. त्या आसरा. पाण्यातल्या सात बहिणी गं, विहिरीला असतातच. आषाढातल्या शेवटच्या शुक्रवारी त्यांना दहीभात द्यायचा, बांगड्या वाहायच्या आणि विहिरीला सात फेरे घालायचे. मथुराबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून घालतात.

आणि बिल्डरनं त्या पावणेदोन एकरांचे दोन प्रोजेक्ट केले. एक 'अंगण', एक 'ओसरी'. प्लॅनवर मध्ये रेघ मारली, ती बरोबर विहिरीच्या पोटातून गेली. पत्रेवाल्यांनी काय करावं? त्यांनी डाव्या काठापर्यंत पत्रा आणला, पाण्यावरून लोखंडी जाळी टाकली आणि उजव्या काठापासून परत पत्रा सुरू केला. अर्धी विहीर अंगणात, अर्धी ओसरीत. आसरांचे चार दगड इकडे, तीन तिकडे. संपतराव सह्या करून मोकळे झाले होते. विश्वजीत सरांनी, म्हणजे नम्रताच्या बॉसनी, मथुराबाईंना सांगितलं होतं, "आजी, तुमच्या देवी आपण क्लबहाऊसच्या बाजूला शिफ्ट करू. मस्त छोटं टेंपल, मार्बलचं."

"आसरा पानी सोडून उठत न्हाईत बाबा," मथुराबाई म्हणाल्या होत्या. "त्या काय भाडेकरू हायत?"

हे नम्रतानं ऐकलं होतं आणि ती हसली होती. मग हसू जरा मध्येच अडकलं होतं.

कारण ती भाडेकरू होती ना. ती वाशिमची. नवरा शुभंकर, खराडीला एका कंपनीत टेस्टिंगला, कॉन्ट्रॅक्टवर. दोघं टू बीएचकेतल्या एका खोलीत राहायचे, दुसऱ्या खोलीत दुसरं जोडपं, किचन मिळून. अकरा महिन्यांचा करार संपला की मालकीणबाई भाडं वाढवून सांगायच्या, वर म्हणायच्या, "परवडत नसेल तर तसं सांगा हं, लाजू नका, माझ्याकडे लाइन आहे." मग हे टेम्पो बोलवायचे. खराडी, मग केसनंद फाटा, मग अजून आत. नोकरी एका जागी आणि घर दर वर्षी एकेक स्टॉप मागे. आणि त्यांची मुलगी साई, चार वर्षांची, ती वाशिमला, नम्रताच्या आईकडे. एका खोलीत, दोघं दिवसभर बाहेर, पाळणाघर म्हणजे अजून एक भाडं. घर झालं की आणू, असं ठरलं होतं. ठरलं तेव्हा साई रांगत होती.

रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. नम्रताची आई, द्वारकाबाई, आधी विचारायच्या, "काय वं, लागली का नाही लॉटरी?" आणि मग फोन साईपुढे धरायच्या. साई एकदा "हाय" करायची आणि मांजर दाखवायला पळायची. सुरुवातीला आईला मांजर दाखवायला पळायची. आता फोन खाटेवर टाकून नुसती मांजराकडे पळायची, आणि नम्रताला छताचा पंखा दिसत राहायचा.

लॉटरी म्हणजे म्हाडाची. ती आणि शुभंकर दर वेळी भरायचे. दर वेळी घरं मूठभर आणि अर्ज पोतंभर. त्यांचं नाव वेटिंगमध्येसुद्धा कधी आलं नाही. एकदा जाहिरात बघता बघता नम्रताच्या लक्षात आलं, की त्यातली बरीचशी घरं प्रायव्हेट बिल्डरांच्याच स्कीममधली आहेत. तोच टॉवर, तीच लिफ्ट, फक्त भाव त्यांच्या आवाक्यातला. वाघोलीची पण होती दोनचार. मग आपल्या साइटचं नाव का नाही?

तिनं भोळेपणानं विश्वजीत सरांनाच विचारलं. केबिनमध्ये, सगळ्यांसमोर.

"अगं, तोच तर गेम आहे," विश्वजीत सर खुर्ची मागे ढकलत म्हणाले. "एकराच्या वर जागा गेली की गव्हर्न्मेंट म्हणतं पाचातलं एक घर आमच्या लॉटरीला द्या, आम्ही सांगू त्या भावानं. म्हणून आपण एकराच्या आत. दोन्ही वेळा एकराच्या आत. हा तुकडा संपतरावांच्या नावावर, तो त्यांच्या मुलाच्या, सर्जेरावच्या. ती रेघ मारायला आर्किटेक्टला किती वेळ लागला सांगू? एक कटिंग चहा."

सगळे हसले. नम्रता पण हसली. तिच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण ती उलट्या बाजूनं बसवायला बघत होती आणि ते बसत नव्हतं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ऐक. 'अंगण' आणि 'ओसरी' ही नावं तिनंच दिलेली! मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले होते, दोन वेगळी नावं पाहिजेत, एकमेकांशी मॅच नको व्हायला, पण मराठी फील पाहिजे. बाकीचे ऑर्किड, ऑलिव्ह असलं काहीतरी करत होते. ही म्हणाली, अंगण आणि ओसरी. टाळ्या पडल्या, पेढे आले. तिनं घरी जाऊन शुभंकरला सांगितलं, बघ, पुढेमागे होर्डिंगवर माझी नावं लागतील. लागली पण. हायवेवर, दोन वेगवेगळी होर्डिंगं, मुद्दाम एकमेकांपासून लांब.

तर त्या शुक्रवारी कुणीतरी तक्रार केली होती म्हणून इन्स्पेक्शन होतं. हे खरंच दोन आहेत का एकच, ते बघायला सरकारी ऑफिसातल्या एक मॅडम येणार होत्या. चार वाजता. विश्वजीत सर म्हणाले होते, तू हँडल कर, तुझा चेहरा साधा आहे. आणि जाता जाता म्हणाले होते, "नीट गेलं ना नम्रता, तर तुझं पण बघू काहीतरी. ओसरीत एक वन बीएचके. स्टाफ रेट."

ही गोष्ट तिनं शुभंकरला सांगितली नव्हती. कुणालाच नाही. आदल्या दिवशी फक्त मथुराबाईंना सांगितली, का कुणास ठाऊक. त्या रोज दुपारी ऑफिसात येऊन एसीत बसायच्या, फ्लॅट बघायला आलेल्या लोकांना आपणहून सांगायच्या, हितं आमची बाजरी हुती. विश्वजीत सरांना ते आवडायचं नाही, पण काय बोलणार. मथुराबाईंनी नम्रताला विचारलं होतं, "पोरगी कवा आणनार हाईस?" आणि ती म्हणाली होती, "बघू आजी. कदाचित इथेच मिळेल घर." मथुराबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "मिळू दे की."

आणि मग म्हणाल्या होत्या, "उद्या आसरा हायत. तेवढं दोन पत्रं काढशील? सकाळचं. कुनाला कळायचं न्हाई."

मॅडम चारला येणार. सकाळी दहाला काढले, अकराला लावले, कुणाला कळणार? नम्रता म्हणाली, काढते.

तर मथुराबाईंनी फेरे सुरू केले. अनवाणी. आषाढातला चिखल, त्यात त्यांची पावलं उमटत होती. अंगणातून डाव्या फटीतून ओसरीत जायच्या, मागच्या अंगानं वळायच्या, उजव्या फटीतून परत अंगणात. तोंडानं पुटपुटत. नम्रता कडेला पाना घेऊन उभी होती. पत्रे काढल्यावर ती जागा एकदम केवढी मोठी दिसायला लागली, तिचा विश्वासच बसेना. इकडून पार तिकडच्या बांधापर्यंत सरळ नजर जात होती.

सहा फेरे झाले. सातव्याला मथुराबाई डाव्या फटीतून ओसरीत शिरल्या, आणि गेटवरून सोनबा वॉचमननं हाळी दिली.

"नम्रता मॅडम! आल्या त्या! इन्स्पेक्शनच्या मॅडम आल्या, ॲक्टिव्हावरनं!"

सकाळीच! जीप नाही, शिपाई नाही, काही नाही. नम्रतानं बघितलं, तर गेटमध्ये हेल्मेट घातलेली एक मुलगी, हो मुलगीच, आपल्याएवढीच, गाडी स्टँडला लावत होती.

आता बघ. गेट ते विहीर, मध्ये ऑफिसची इमारत. म्हणजे मॅडमना तिला वळसा घालून येईपर्यंत विहीर दिसत नव्हती. नम्रताच्या हातात पाना होता. तिला काहीच करायचं नव्हतं. म्हणजे, तिनं काहीच केलं नसतं, नुसती उभी राहिली असती, तरी झालं असतं. मॅडमनी बघितलं असतं, एक म्हातारी एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात फिरतीये, एकच विहीर, एकच रान. पाचातलं एक घर लॉटरीत गेलं असतं. तिच्यासारख्याच कुणाकुणाला मिळालं असतं. तिला? तिला कधी लागलीये लॉटरी. तिची नोकरी मात्र त्याच दिवशी गेली असती, आणि ओसरीतला तो वन बीएचके पण.

तिनं डावा पत्रा उचलला. कसा उचलला देव जाणे. बसवला, वरचा नट हातानंच फिरवला. धावत उजव्या बाजूला आली. तोपर्यंत मथुराबाई मागून वळून उजव्या फटीपर्यंत पोचल्या होत्या. समोरासमोर. दोघींत हातभर अंतर. म्हातारीच्या एका हातात ताट, दुसरा हात पुढे केलेला, आधाराला धरतात तसा.

"अगं थांब, मी येतीया की," मथुराबाई म्हणाल्या.

नम्रतानं पत्रा मध्ये घातला.

एक नट बसला. दुसरा चिखलात पडला, तो तिनं पायाखाली घेतला.

पलीकडून पत्र्यावर टकटक झाली. जोरात नाही. बांगड्यांच्या हातानं दार वाजवतात ना, तशी. "पोरी, फेरा राहिलाय. एवढाच राहिलाय."

आणि इकडून मॅडम आल्या. हेल्मेट हातात, पायात चिखलानं भरलेले स्पोर्ट्स शूज. "नमस्कार, तनुजा शेळके. चारचं सांगितलं होतं, पण चारला आलं की सगळं फार नीट असतं." हसल्या. मग थांबल्या. "पलीकडे कोण वाजवतंय?"

नम्रता म्हणाली, "माहीत नाही मॅडम. ती ओसरी. तो वेगळा प्रोजेक्ट आहे."

टकटक थांबली.

पत्रा काय गं, केवढासा जाड. सगळं ऐकू जातं.

तनुजा मॅडम पुढे झाल्या. विहिरीपाशी गेल्या, जाळीतून खाली पाण्यात वाकून बघितलं. काठावरचे चार दगड बघितले. चिखलातली पावलं बघितली, पत्र्यापर्यंत येऊन थांबलेली. मग पत्र्याच्या कडेची हळदीची बोटं बघितली. हात लावला, बोटाला पिवळं लागलं. ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं आणि नम्रताच्या कपाळाकडे बघितलं.

"घरी पूजा होती सकाळी?"

"हो मॅडम."

"कुठे राहता?"

"इथेच. मागे. भाड्यानं."

"हं." त्यांनी फोन काढून पत्र्याचा फोटो घेतला. दोनतीन घेतले. "अंगण आणि ओसरी. छान आहेत नावं. अंगण एकाचं आणि ओसरी दुसऱ्याची. मग घर कुणाचं हो?"

नम्रताच्या पायाखाली तो नट टोचत होता. ती म्हणाली, "मॅडम, पत्रा उघडून बघायचाय का?"

का विचारलं असेल तिनं? मला वाटतं, मॅडमनी हो म्हणावं म्हणून विचारलं. तिच्याकडून ते काम कुणीतरी काढून घ्यावं म्हणून.

"मी कशी उघडणार?" तनुजा मॅडम म्हणाल्या. "मला जे दिसतं तेवढं लिहायचं असतं. उघडा दिसला, उघडा लिहीन. बंद दिसला, बंद लिहिते. नियम चांगलाय हो, लोकांना घर मिळावं म्हणूनच केलाय. पण नियमाला कुठेतरी रेघ मारावी लागते. एक एकर म्हटलं, की सगळी रानं एकराच्या आत बसायला लागतात. शंभर फूट म्हटलं असतं तर शंभर फुटांत बसली असती."

मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला. इकडेतिकडे बघितलं. "एक विचारू? यातला वन बीएचके केवढ्याला पडतो?"

नम्रतानं आकडा सांगितला. सवयीनं पुढचं पण सांगितलं, पार्किंग वेगळं, स्टॅम्प ड्युटी वेगळी, आज बुक केलं तर मॉड्युलर किचन फ्री.

तनुजा मॅडम हसल्या. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, तसं. "मी लोणी काळभोरला राहते. मैत्रिणीबरोबर शेअरिंगमध्ये. पाच वर्षं अभ्यास करून परीक्षा काढली, आईला म्हटलं होतं, सरकारी नोकरी लागली की घर. लॉटरीत भरते मी पण." हेल्मेटची काच त्यांनी ओढणीनं पुसली, पुसलेलीच होती तरी. "चला. ओसरी बघून येते."

आणि दोघी ऑफिसला वळसा घालून गेटपाशी आल्या, तर गेटमधून मथुराबाई आत येत होत्या.

घोट्याच्या वरपर्यंत चिखल. लुगड्याचा काठ माखलेला. ताट मात्र तसंच, सरळ धरलेलं, त्यातला नारळसुद्धा हललेला नाही. त्या ओसरीच्या गेटनं बाहेर पडून, रस्त्यानं सगळा वळसा घालून आल्या होत्या. फेरा अर्धा सोडता येत नाही ना. इकडून नाही तर तिकडून, पुरा करायचा.

तनुजा मॅडम थांबल्या. त्यांनी ताट बघितलं, त्यातली हळद बघितली. परत एकदा नम्रताच्या कपाळाकडे बघितलं. गाडीची चावी हातात होती, ती लावली नाही.

"या आजी कोण?"

विचारलं ते नम्रताला. मथुराबाईंना नाही. अगं, दुसऱ्यांदा विचारत होत्या त्या! एवढं उघड, की सोनबानं पण मान खाली घातली.

नम्रता दोन पावलं पुढे गेली. चेहऱ्यावर ते हसू आणलं, रविवारी फ्लॅट बघायला गर्दी होते तेव्हाचं. "कस्टमर आहेत मॅडम. साइट व्हिजिटला आल्यात. या ना आजी, या, सॅम्पल फ्लॅट दाखवते."

मथुराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आपल्याच रानात उभ्या राहून.

मग म्हणाल्या, "दाखव की."

ॲक्टिव्हा सुरू झाल्याचा आवाज आला. लांब गेला. ओसरीच्या गेटपाशी थोडा वेळ थांबला आणि मग पुढे हायवेकडे गेला.

सॅम्पल फ्लॅट माहितीये ना कसा असतो? सगळं थोडं थोडं लहान. बेड लहान, कपाट लहान, म्हणजे खोली मोठी वाटते. छताआड दिवे. फ्रूट बाऊलमध्ये प्लॅस्टिकची सफरचंदं. मुलांची खोली म्हणून एक खोली गुलाबी केलेली, भिंतीवर ढग, कोपऱ्यात एक चिमुकलं टेबल. ती खोली नम्रता रोज पुसायची. हाउसकीपिंगवाल्या बाई होत्या, तरी हीच पुसायची.

मथुराबाई पाय न पुसता आत आल्या. पांढऱ्या टाइल्सवर पावलं उमटली. त्या सगळं घर फिरल्या, त्या चिमुकल्या टेबलावरून हात फिरवला आणि सोफ्यावर बसल्या. ताट मांडीवर.

"चांगलं हाय घर."

नम्रता दारातच उभी होती. "आजी, मला नाइलाज झाला. सर म्हणाले होते—"

"नळाला पानी येतं का?"

"नाही आजी. हे नुसतं दाखवायला असतं."

"हां."

नम्रताचा फोन वाजला. विश्वजीत सरांचा मेसेज. खराडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, सोनबानं सांगितलं, एकदम मस्त हँडल केलंस. पुढे अंगठा. तिनं उभ्या उभ्याच टाइप केलं, 'सर, स्टाफ रेटचं?' दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग आलं, 'दिवाळीनंतर बसू. रेट रिवाइज होतायत.'

तिनं फोन पालथा करून किचनच्या प्लॅटफॉर्मवर ठेवला, प्लॅस्टिकच्या सफरचंदांशेजारी.

मथुराबाई उठल्या. नारळ हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं, फोडायला दगड नव्हता. मग तसाच, अख्खा, नम्रताच्या हातात दिला.

"हा घे. तुजा हाय."

"माझा कसा?"

"मी काय मागनार आता आसरांकडं? माजं रान गेलं, पोरांचं मार्गी लागलं." त्यांनी ताटातला दहीभात पदरानं झाकला. "औंदाचं फेरं तुज्या नावानं घातलं. पोरीला घर मिळू दे म्हनलं. म्हनून अर्धा सोडून जाता येईना गं. न्हाईतर ह्या गुडघ्यांनी कशाला गेली असती एवढी लांब."

आणि गेल्या. दारातून बाहेर, सरळ विहिरीकडे. पत्र्यापाशी थांबल्या, अलीकडच्या चार दगडांना भात ठेवला, बांगड्या ठेवल्या. पलीकडच्या तिघींचा भात ताटात तसाच राहिला. जाळीवरून टाकला असता, पण तो पाण्यात पडला असता. त्या तो भात घेऊन परत गेटकडे चालायला लागल्या.

नम्रता सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीतून बघत होती. एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हातात अजून तो पाना होता. पत्र्याला एकच नट होता. एका झटक्यात निघाला असता. मॅडम पण गेल्या होत्या, आता कोण बघणार होतं?

टाइल्सवर पावलं वाळत चालली होती. फोन परत वाजला. आई. व्हिडिओ कॉल.

आता बोल. तुझ्या हातात तो पाना असता, तर तू काय केलं असतंस?